लाउडस्पीकरमधला आवाज कुणाचा?

(चिचगड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ राहावा म्हणून भाषेवर फार हात फिरवलेला नाही.)

धानाची कापणी आटोपली आहे, मंडईचे दिवस आहेत, रात्री कुठल्या ना कुठल्या गावी नाटक आहेच. अशा दिवसांत व्याख्यानाला एवढी माणसं आली याचं आम्हांला खरं तर नवल वाटतंय. नाटकाची वेळ व्हायच्या आत संपवतो.

बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय : ‘कंट्री गायकाचा अल्बम आणि त्याचं स्वागत’. दुपारी चहाच्या टपरीवर एकाने आम्हांला विचारलं, “कंट्री म्हणजे देशीच ना जी? मग बोर्डावर काहून लिहिता?” हसू नका, त्याचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. अमेरिकेतही या गाण्यांकडे बरीच वर्षं तशाच नजरेने बघितलं गेलं. सुरुवातीला रेकॉर्ड कंपन्या ही गाणी ‘हिलबिली’ या नावाने विकायच्या. डोंगरातला, गावंढळ, असा त्याचा अर्थ. पुढे विक्री वाढली, तेव्हा ‘कंट्री’ हा जरा सभ्य शब्द आला. माल तोच, बाटली बदलली.

तर तिथला एक माणूस, जॉनी कॅश. जन्म १९३२ चा, आर्कान्सासमधला. लहानपण कापसाच्या शेतात गेलं. मोठा गायक झाला, तुरुंगात जाऊन कैद्यांसमोर गायला, घराघरांत पोचला. आणि मग जुना झाला. १९५८ पासून ज्या कोलंबिया कंपनीसाठी तो गात होता तिने १९८६ मध्ये त्याला निरोप दिला. कंट्री रेडिओ त्याला वाजवेना. साठीला टेकलेला माणूस, आता जुन्या गाण्यांवर दिवस काढायचे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

तेव्हा रिक रुबिन नावाचा दाढीवाला निर्माता त्याच्याकडे गेला. हा रॅप आणि कर्कश मेटलवाल्या पोरांच्या रेकॉर्डी करणारा. त्याने काय केलं? वाद्यवृंद काढून टाकला. कोरस काढून टाकला. म्हाताऱ्याला आपल्या घरच्या बैठकीत बसवलं, हातात गिटार दिली आणि म्हणाला, तुम्हांला जी गाणी आवडतात ती गा. काही गाणी तिथे झाली, काही कॅशच्या स्वतःच्या लाकडी खोपटात, दोन एका छोट्या क्लबात लोकांसमोर. त्यातून १९९४ मध्ये ‘अमेरिकन रेकॉर्डिंग्ज’ हा अल्बम आला. तेरा गाणी, एक आवाज, एक गिटार. मुखपृष्ठावर काळा लांब कोट घातलेला कॅश उभा आणि पायाशी दोन कुत्री.

स्वागत कसं झालं, ते बघण्यासारखं आहे. रॉकवर लिहिणाऱ्या समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. तरणी पोरं ऐकायला लागली. ग्रॅमीही मिळालं, पण ते लोकसंगीताच्या विभागात, कंट्रीच्या नव्हे. ज्यांचा माणूस होता त्यांच्या रेडिओने त्याला घरात घेतलंच नाही. त्याच्या पुढच्या अल्बमला १९९८ मध्ये कंट्रीचंच ग्रॅमी मिळालं, तेव्हा त्याच्या बाजूने ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकात पानभर जाहिरात छापली गेली. नॅशव्हिलच्या संगीतधुरीणांचे आणि कंट्री रेडिओचे आभार, असा मजकूर. आणि फोटो कॅशचा, जुना, मधलं बोट वर केलेला. आमच्या मते अख्ख्या अल्बमच्या स्वागताचा इतका नेमका सारांश दुसऱ्या कुणी लिहिलेला नाही.

हे सांगून आम्ही तुम्हांला अमेरिकेत नेत नाही आहोत. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा : त्या अल्बमबद्दल भांडण झालं. कुणी लिहिलं, कुणी नाकारलं, कुणी बोट दाखवलं. हे सगळं कागदावर आहे.

आता आपल्याकडे या.

प्रल्हाद शिंदे. जन्म १९३३, कॅशच्या पाठीवर एका वर्षाने. मृत्यू २३ जून २००४, कॅश गेला त्याच्या पुढच्या वर्षी. मूळ मंगळवेढ्याकडचे, सोलापूर जिल्ह्यातले. घरात गाणं होतं ते भजन-कीर्तनाचं, आणि पोटासाठी गायचं गाणं. पुढे मुंबई. तिथे इस्माईल आझाद यांच्या कव्वाली पार्टीत मागे कोरसला. हे तेच इस्माईल आझाद, ज्यांची ‘अल हिलाल’ या १९५८ च्या सिनेमातली कव्वाली तुमच्या आजोबांना पाठ असेल. मागच्या रांगेतून प्रल्हाद शिंदे पुढे आले, आणि मग भीमगीतं, भक्तिगीतं, लोकगीतं. आधी तबकड्यांवर, नंतर कॅसेटींवर.

या सभागृहात असं कुणी आहे का, ज्याने हा आवाज ऐकलेला नाही? चिचगड कुठे, मंगळवेढा कुठे. मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा पडलाय. तरी इथे गणपतीत, एकादशीला, सत्यनारायणाला, आणि चौदा एप्रिलला, लाउडस्पीकर लागला की बहुधा पहिलं गाणं त्यांचंच. ‘पाउले चालती पंढरीची वाट’ तर वारी कधी न पाहिलेल्या माणसालाही येतं.

आता दुसरा प्रश्न. त्यांच्या एखाद्या अल्बमचं परीक्षण तुमच्यापैकी कुणी वाचलंय? आम्ही बरंच शोधलं. जे हाती लागलं ते बहुतेक मृत्युलेख आणि आठवणी. ‘खडा आवाज’, ‘लोकांचा गायक’, ‘उपेक्षित राहिले’ हे तीन शब्दप्रयोग सगळीकडे. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, छप्पन गाणी झाली, आणि त्यातल्या जवळपास प्रत्येक गाण्याच्या रागाबद्दल, शब्दाबद्दल मराठीत लिहिलं-बोललं गेलंय. ते व्हायलाच हवं होतं. पण ज्या आवाजाने त्याहून जास्त ओसऱ्या व्यापल्या, त्याच्याबद्दल कौतुक आहे, हळहळ आहे, आणि ऐकणं मात्र नाही. कौतुक करायला गाणं ऐकावं लागत नाही, हे तुम्हांला माहीतच आहे.

म्हणून आम्ही तिघांनी मागच्या पावसाळ्यात एक उद्योग केला. जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला आणि घरातली भक्तिगीतांची एक कॅसेट दोन्ही बाजूंनी, सलग, हातातलं काम बाजूला ठेवून ऐकली. कॅसेटच्या कव्हरवर चित्र विठ्ठलाचं. गायकाचं नाव आतल्या बाजूला, बारीक अक्षरात. कॅशचं कव्हर आठवा. तिथे माणूस आणि कुत्री, इथे देव, आणि माणूस घडीच्या आत. धंद्याच्या हिशेबाने कंपनीचं चुकलं असं म्हणता येणार नाही. लोक देव विकत घेत होते. पण स्वागताची दिशा त्या कव्हरवरच ठरून गेली.

ऐकताना काय सापडलं ते सांगतो. पहिली गोष्ट, हा भजनाचा आवाज नाही. भजनात गाणारा देवाकडे तोंड करून असतो, आवाज थोडा आत वळलेला असतो. प्रल्हाद शिंदे लोकांकडे तोंड करून गातात. गर्दीच्या पलीकडल्या माणसाला हाक मारावी तसा स्वर फेकतात. सत्यनारायणाचं गाणं सुरूच होतं ते श्रोत्याला बजावून. पोथीत पाच अध्याय, भटजी ते गुणगुणत वाचतात आणि निम्मी माणसं प्रसादाकडे बघत असतात. इथे तीच कथा गाण्याच्या मापात बसते आणि माणूस मान वर करतो. ही कव्वालीची शाळा आहे. मुखडा पुन्हा पुन्हा फिरवायचा, दरवेळी थोडा वेगळ्या जागी ठोकायचा, कोरसला उचलू द्यायचं आणि स्वतः वरून उतरायचं. पंढरीच्या गाण्यात कव्वालीचं हाड आहे हे एकदा कानाला कळलं, की ते गाणं दुसरंच वाटायला लागतं.

दुसरी गोष्ट, अंतऱ्यात ते जिथे जातात तिथे इतर गायक तोल सांभाळायला थांबतात. हे थांबत नाहीत. वरच्या स्वरावर आवाज पातळ होत नाही, उलट रुंदावतो. तिथे एक खरखर येते, घासल्यासारखी. सुगम संगीतवाल्यांना ती दोष वाटली असणार. आम्हांला ती त्या अख्ख्या कॅसेटमधली सगळ्यात खरी गोष्ट वाटली.

आणि आता दोष. कारण दोष सांगितले नाहीत तर आम्हीही मृत्युलेखच वाचतोय. त्या कॅसेटचं ध्वनिमुद्रण वाईट आहे. आवाजाला इतका घुमारा दिलाय की शब्दांच्या कडा विरघळतात. कोरस एकाच साच्याचा, आठही गाण्यांत तोच उत्साह. विठ्ठल असो की अंबाबाई, त्यांना फरक नाही. वाद्यांचे मधले तुकडे इतके सारखे की बाजू बदलल्याचं आमच्यातल्या एकाला कळलंच नाही. दोन गाणी अशी आहेत की ती एकाच दिवशी, जेवायच्या सुट्टीआधी उरकली असावीत असं वाटतं. शब्दही काही ठिकाणी भरतीचे. थोडक्यात, मोठा आवाज आणि निष्काळजी खोली.

हे असं का झालं, याला कारण आहे. बरीच वर्षं रेकॉर्डचा धंदा म्हणजे एचएमव्ही, असं चित्र होतं. तबकडी महाग, तिचं यंत्र महाग. सत्तरच्या दशकाच्या शेवटी कॅसेट आली आणि ऐंशीच्या दशकात तिने सगळं उलटंपालटं केलं. छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या, बोलीतली, जातीपातीची, जत्रेची, देवदेवस्कीची गाणी बाजारात आली. पीटर मॅन्युअल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये उत्तर भारतातल्या या कॅसेट-संस्कृतीवर पुस्तकच लिहिलं. कॅसेटने प्रल्हाद शिंद्यांसारख्या गायकाला चिचगडपर्यंत आणलं, हे तिचं ऋण. पण तिला माल सतत हवा होता आणि स्वस्त हवा होता. सण आला की कॅसेट. त्यात एका गाण्यावर आठ दिवस बसायला कुणाला परवडणार?

इथे एक अवघड गोष्ट येते, ती टाळून पुढे जाता येणार नाही. प्रल्हाद शिंदे आंबेडकरी जलशांच्या, भीमगीतांच्या परंपरेतले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेबरोबर बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत गौरी-गणपती आणि राम-कृष्ण यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे, हे आपल्या भागात शाळकरी पोरालाही माहीत आहे. आणि महाराष्ट्रातला गणपती ज्या आवाजात बसतो तो आवाज यांचा. हे कसं जुळवायचं?

दोन उत्तरं नेहमी मिळतात. एक, पोटासाठी गायले. दोन, कलावंताला जातधर्म नसतो. पहिलं खरं आहे पण पुरेसं नाही. पोटासाठी गाणारे पुष्कळ असतात, असं गाणारे नसतात. दुसरं उत्तर बहुधा तेच लोक देतात ज्यांना जात कधी आडवी आली नाही. ज्यांच्या वाडवडिलांना ओसरीवर चढता आलं नसतं, त्यांचा आवाज आज त्याच घरात पूजेला बसलेला आहे. आणि घरातल्यांना तो कुणाचा हे ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून आठवत नाही. याला ‘कला सगळ्यांच्या वर असते’ असं म्हणणं म्हणजे हिशेब न करता वही मिटणं.

आम्हांला कानाने जे सुचलं ते एवढंच. त्यांची भीमगीतं आणि त्यांची भक्तिगीतं एकापाठोपाठ लावा. आवाज बदलत नाही. तीच फेक, तीच हाक, समोर तीच गर्दी. देवाच्या गाण्यात ते लीन होत नाहीत. तिथेही ते सभेला उभे असल्यासारखे गातात. विठ्ठलाला त्यांनी भक्ताच्या आवाजात नाही, शाहिराच्या आवाजात हाक मारली. चळवळीतल्या मित्रांना हे पळवाटीसारखं वाटेल, वाटू दे. पण निदान गाण्यात कान घालून भांडूया. वामनदादा कर्डक १५ मे २००४ ला गेले आणि चाळीस दिवसांच्या आत प्रल्हाद शिंदे. एकाच उन्हाळ्यात शब्द आणि आवाज दोन्ही गेले. त्याला आता वीसपेक्षा जास्त वर्षं झाली. एवढ्या काळात आपण हे भांडणसुद्धा नीट केलेलं नाही.

आणि म्हणून कॅशची ती बैठकीची खोली आम्हांला डाचते. जो प्रल्हाद शिंदे बाजारातून गावोगाव पोचला तो कोरसमधला, घुमाऱ्यातला. एक ढोलकी, एक पेटी, आणि साठी ओलांडलेला तो फाटका-रुंद आवाज, त्याला विचारलेलं, की प्रल्हाददादा, तुम्हांला काय गावंसं वाटतं? असा अल्बम आपल्या वाट्याला आला नाही. त्यांनी काय निवडलं असतं, विठ्ठल की भीमराव की इस्माईल आझादांच्या पार्टीतली एखादी जुनी कव्वाली, हा प्रश्न आम्हांला रात्री झोपू देत नाही असं म्हटलं तर जरा जास्त होईल, पण सुटत नाही हे खरं. मुलगा आनंद, मिलिंद, मग नातू आदर्श, घराण्याचं गाणं चालू आहे, सिनेमात आहे, मोठ्या स्टुडिओत आहे. ती वेगळी गोष्ट, तिच्यावर पुन्हा कधीतरी.

आता शेवटचं, आणि इथलं.

आपल्या शेजारी, सरहद्दीपलीकडे, छत्तीसगडातलं एक सासरचं गाणं, रायपूरच्या जोशी भगिनी ते गायच्या. २००९ मध्ये ‘दिल्ली-६’ या सिनेमात ते आलं आणि देशभर नाचलं. तिकडे लोकांनी विचारलं, मूळ माणसांची नावं कुठेत? म्हणजे कॅसेटच्या घडीत हरवणारं नाव ही काही जुन्या काळची गोष्ट नाही.

आणि नावाच्याही आधी हरवतो तो उच्चार. या भागातले एक म्हातारे दंडारवाले आहेत. नाव सांगत नाही, ते समोरच बसलेत आणि त्यांना आवडणार नाही. त्यांच्या पोरांनी हौसेने त्यांना एका शहरातल्या स्टुडिओत नेलं. मागे कीबोर्ड, तयार ताल. त्यांच्या गाण्यात ‘डोरा’ असा शब्द होता, म्हणजे डोळा. झाडीबोलीत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही, ‘श’ नाही; डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी हे पुस्तकांतून मांडून ठेवलंय आणि आपण ते रोज बोलतो. स्टुडिओतल्या पोराने थांबवलं. “बाबा, शुद्ध म्हणा. डोळा.” बाबांनी म्हटलं डोळा. पुढच्या ओळीत ‘पोरा’ होतं. डोळा आणि पोरा. यमक मोडलं, आणि यमकावर पाय पडत होता तो पायही मोडला, कारण दंडारीत गाणं पायांनी धरलेलं असतं. तीन वेळा घेतलं, तीनदा चुकलं. शेवटी ते कडवंच गाळलं. गाणं आता मोबाइलवर आहे, ऐकणाऱ्यांनी खाली अंगठे दिलेत, आणि त्यात ते कडवं नाही.

आम्ही त्यांना विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत? ते म्हणाले, “डोरा मनलो त चुकला मने. मंग मी आंधराच बरा.”

२०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण फटाके फोडले. बरोबरच केलं. झाडीपट्टीची रंगभूमी दिल्लीला दिसली. पण नाटकाला परीक्षक असतो, निदान पहिल्या रांगेतला शिट्टी मारणारा तरी असतो. गाण्याच्या रेकॉर्डला समोर माणूस नसतो. तिथे चुकीचं काय आणि बरोबर काय, हे त्या काचेआडच्या पोराच्या हाती. त्याचाही राग करू नये. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की ‘डोरा’ हा स्वर आहे, चूक नाही. आणि ते सांगायचं काम टीका करणाऱ्याचं असतं, आमचं आणि तुमचंही. पुढच्या वेळी कुणाचा पोरगा बाबाला घेऊन स्टुडिओत निघाला की सोबत एक कानवाला माणूस पाठवा. त्याने फक्त एवढंच करायचं : कीबोर्ड बंद करायला सांगायचं, आणि बाबांना टोकलं की मध्ये बोलायचं.

बरं, भाषण खूप झालं. आम्ही एक साधं यंत्र आणलंय, छोटंसं, दोन माइकचं. स्टुडिओ नाही, बैठकीची खोलीही नाही, हे सभागृह आहे आणि बाहेर ट्रॅक्टर जातोय. ट्रॅक्टर आला तर येऊ दे. बाबा, या, खुर्ची नको असेल तर उभे राहा, तुम्हांला उभ्यानेच सवय आहे. ढोलकीवाले जरा मागे सरका, आवाज दाबू नका. आणि पोरा, तू दाराजवळचा, तो पंखा बंद कर, नाहीतर तोही गाण्यात येईल. हं. ते गाळलेलं कडवंच आधी घेऊ.